पक्ष्यांच्या अंड्यांतील मातृसंप्रेरके आणि पिल्ले बाहेर येण्यातील कालभेद : एका संशोधन-परंपरेचा इतिहास

प्रास्ताविक

कोंबडी दहा-बारा अंडी घालून झाल्यावर खुडूक बसते आणि साधारण एकवीस दिवसांनी तिची बहुतेक पिल्ले जवळजवळ एकाच वेळी कवच फोडतात. गायबगळ्याच्या घरट्यातील चित्र याहून वेगळे असते. तेथे अंडी सुमारे दोन दिवसांच्या अंतराने घातली जातात, परंतु उबवणे पहिल्या अंड्यापासूनच सुरू होते. परिणामी पिल्लेही एकेक-दोनदोन दिवसांच्या अंतराने बाहेर येतात. तिसरे पिल्लू कवचातून डोके काढते तेव्हा पहिले चांगले धष्टपुष्ट झालेले असते. घास पालकांच्या चोचीतूनच खेचून घ्यायचा असल्याने या दोन-तीन दिवसांच्या थोरलेपणाला मोठे मोल येते. आपल्याकडील गावोगावच्या चिंचेच्या किंवा वडाच्या झाडांवरील बगळ्यांच्या विणीच्या वसाहतींखाली, म्हणजेच सारंगागारांखाली, पडलेली लहान पिल्ले ज्यांनी पाहिली असतील त्यांना या थोरलेपणाचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

मराठीत धाकट्या अपत्याला आपण कौतुकाने शेंडेफळ म्हणतो. पक्ष्यांच्या अनेक जातींत हे कौतुक त्याच्या वाट्याला येत नाही. त्याचे दैव कोण ठरवते, या प्रश्नाला विसाव्या शतकात दोन उत्तरे मिळाली. पहिले उत्तर काळाचे होते : माता उबवणे केव्हा सुरू करते यावर सर्व अवलंबून असते. दुसरे उत्तर रसायनाचे होते : माता बलकात कोणती संप्रेरके किती प्रमाणात ठेवते यावर पिल्लाची वाढ, आक्रमकता आणि कवच फोडण्याची वेळही अवलंबून असते. ही दोन उत्तरे वेगवेगळ्या ज्ञानशाखांतून आली आणि बराच काळ एकमेकांना अपरिचित राहिली. पुढे ती एकत्र आली तेव्हा दोहोंनी गृहीत धरलेली एक गोष्ट अडचणीची ठरली, ती म्हणजे ‘मातेचा निर्णय’ ही कल्पना. प्रस्तुत लेखात या कल्पनेचा प्रवास पाहावयाचा आहे.

लॅक यांचा युक्तिवाद

डेव्हिड लॅक (१९१०-१९७३) हे आरंभी डार्टिंग्टन हॉल येथील शाळेत शिक्षक होते. रॉबिन पक्ष्याच्या पायांत रंगीत कडी घालून त्याच्या जीवनाचा अभ्यास त्यांनी तेथेच केला. १९४५ मध्ये ते ऑक्सफर्डच्या एडवर्ड ग्रे पक्षिशास्त्र संस्थेचे संचालक झाले. १९४७ मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात त्यांनी एका विणीत किती अंडी असावीत या प्रश्नाची मीमांसा प्रसिद्ध केली. पालकांना जास्तीत जास्त जेवढी पिल्ले पोसता येतील, तेवढ्या संख्येशी नैसर्गिक निवड अंड्यांची संख्या जुळवून ठेवते, असे त्यांचे मुख्य प्रतिपादन होते.

या प्रतिपादनात एक अडचण होती. अंडी घालण्याच्या वेळी पुढील तीन-चार आठवड्यांत अन्न किती मिळेल हे कोणाही पक्ष्याला कळणे शक्य नाही. कालभेद हे लॅक यांच्या मते या अडचणीवरील उत्तर होते. पिल्ले लहानमोठी असतील तर सुकाळात सर्व जगतात आणि दुष्काळात सर्वांत लहान तेवढे लवकर मरते. सगळीच अर्धपोटी राहून नष्ट होत नाहीत. १९५४ च्या ग्रंथात त्यांनी हा विचार अधिक विस्ताराने मांडला. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयाच्या मनोऱ्यात पेट्या बसवून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकोळ्यांचा जो अभ्यास केला, त्यात थंड व पावसाळी हवेत उडते कीटक मिळेनासे झाले की धाकटे पिल्लू आधी दगावते, हे त्यांना प्रत्यक्ष पाहावयास मिळाले.

लॅक यांच्या युक्तिवादाचे सामर्थ्य त्याच्या साधेपणात होते, आणि त्याची मर्यादाही तेथेच होती. व्हॅलेरी गार्जेट यांनी आजच्या झिम्बाब्वेमधील मटोबो टेकड्यांत व्हेरोच्या काळ्या गरुडाच्या एका घरट्याची केलेली नोंद १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. थोरल्या पिल्लाने तीन दिवसांत ३८ हल्ले करून धाकट्याला १,५६९ वेळा टोचले. घरट्यात अन्नाचा तुटवडा नव्हता. दुष्काळावरील उपाय म्हणून लॅक यांनी सांगितलेली गोष्ट येथे सुकाळातही घडत होती. अशा जातींत दुसरे अंडे म्हणजे पहिले फुकट गेल्यास हाताशी असावा असा राखीव साठा होय, असे स्पष्टीकरण पुढे आले. १९८१ मध्ये क्लार्क आणि विल्सन यांनी आणखी वेगळी दिशा दाखविली. अंडी भक्षकांच्या तावडीत सापडण्याचा धोका मोठा असेल, तर निदान एक पिल्लू लवकर उडून जावे म्हणून लवकर उबवणे फायद्याचे ठरते. कालभेद हा त्याचा आनुषंगिक परिणाम असू शकतो. उष्ण प्रदेशात न उबवलेली अंडी फार दिवस टिकत नाहीत, म्हणून पक्षी लवकर बसतो, असाही एक विचार मांडला गेला. १९९० च्या दशकापर्यंत गृहीतकांची संख्या डझनाच्या पुढे गेली होती.

या गर्दीत डग्लस मॉक आणि प्लोगर यांनी १९८७ मध्ये गायबगळ्यांवर केलेला प्रयोग विशेष उल्लेखनीय आहे. त्यांनी घरट्या-घरट्यांतील पिल्लांची अदलाबदल करून तीन प्रकारची कुटुंबे तयार केली : एकाच वयाच्या पिल्लांची, नेहमीच्या दीड दिवसाच्या अंतराची आणि दुप्पट अंतराची. समवयस्क पिल्ले अधिक भांडली आणि त्यांच्यासाठी पालकांना अधिक अन्न आणावे लागले. तरी त्या मानाने जगलेल्या पिल्लांची संख्या वाढली नाही. पालकांचे श्रम आणि पदरात पडलेली पिल्ले यांचा मेळ नेहमीच्या अंतरातच सर्वांत चांगला बसला. लॅक यांना हवा असलेला पुरावा, निदान एका जातीपुरता, असा चाळीस वर्षांनी मिळाला.

रिडल : विस्मृतीत गेलेला दुवा

काळाच्या बाजूने हे चालले असता रसायनाची बाजू कोठे होती? तिचा उगम शोधू गेल्यास आपण ऑस्कर रिडल (१८७७-१९६८) यांच्यापाशी येतो. कार्नेगी संस्थेच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील प्रयोगशाळेत त्यांनी कबुतरे आणि होले यांच्यावर तीन दशके काम केले. कबुतराच्या विणीत दोन अंडी असतात. त्या दोहोंत फरक का असावा, या प्रश्नाने त्यांना तरुणपणीच पछाडले होते. बलकाच्या साठ्यावरून पिल्लाचे लिंग ठरते ही त्यांची उपपत्ती टिकली नाही. पहिल्या व दुसऱ्या अंड्याकडे वेगवेगळे पाहण्याची सवय मात्र मोलाची होती.

१९३० च्या दशकाच्या प्रारंभी रिडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पोष ग्रंथीतील एक संप्रेरक वेगळे ओळखले. त्याच्या प्रभावाने कबुतराच्या अन्नपिशवीचे अस्तर वाढते आणि पिल्लांना पाजावयाचा ‘दुधा’सारखा स्राव तयार होतो. या संप्रेरकाला त्यांनी प्रोलॅक्टिन हे नाव दिले. पक्ष्याचे उबवण्याचे वर्तन आणि प्रोलॅक्टिन यांचा निकटचा संबंध आहे, हे पुढे सर्वमान्य झाले. १९४२ मध्ये रिडल आणि डनहॅम यांनी दुसरी एक गोष्ट दाखविली. होल्याच्या मादीला स्त्रीमदजन, म्हणजे इस्ट्रोजेन, दिले असता ते रक्तातून बीजपुटकात उतरते आणि त्या अंड्यातून येणाऱ्या नर पिल्लांची जननग्रंथी अंशतः मादीसारखी होते. मातेच्या रक्तातील संप्रेरक बलकामार्गे पुढील पिढीच्या शरीरावर परिणाम करू शकते, याचा हा स्पष्ट पुरावा होता.

तरीही अर्धशतक या पुराव्याची फारशी दखल पक्षिशास्त्राने घेतली नाही. याचे एक कारण मोजमापाचे आहे. रिडल यांच्या काळी संप्रेरकाचे प्रमाण त्याच्या शरीरावरील परिणामावरून अनुमानाने काढावे लागे. प्रोलॅक्टिन मोजावयाचे तर कबुतराच्या अन्नपिशवीच्या ग्रंथीचे वजन करीत. मादीला बाहेरून संप्रेरक टोचून जे घडते ते निसर्गतःही घडते काय, हे अशा पद्धतीने सांगता येत नव्हते. रोझालिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५० च्या दशकाअखेरीस रेडिओइम्युनोॲसे ही पद्धत इन्शुलिनसाठी विकसित केली आणि १९६० च्या दशकाअखेरीस ती स्टेरॉइड संप्रेरकांनाही लागू झाली. यॅलो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच कामासाठी. एका मिलिग्रॅम बलकातील पिकोग्रॅममध्ये मोजावे लागणारे टेस्टोस्टेरॉन आता आवाक्यात आले. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. लॅक यांच्या परंपरेतील अभ्यासक ‘का’ हा प्रश्न विचारीत आणि अंतःस्रावशास्त्रज्ञ ‘कसे’ हा. दोघे वेगवेगळ्या नियतकालिकांत लिहीत आणि एकमेकांचे क्वचितच वाचीत.

बलकातील टेस्टोस्टेरॉन

ही फारकत ह्यूबर्ट श्वाबल यांच्या १९९३ च्या निबंधाने संपली. न्यूयॉर्क राज्यातील मिलब्रुक येथील रॉकफेलर विद्यापीठाच्या क्षेत्रीय केंद्रात गाणे शिकण्याच्या संशोधनासाठी कॅनरी पक्षी पाळलेले होते. श्वाबल यांनी त्यांच्या अंड्यांतील बलक तपासला. त्यात टेस्टोस्टेरॉन होते, आणि एकाच मादीच्या विणीत पहिल्या अंड्यापासून शेवटच्या अंड्यापर्यंत त्याचे प्रमाण चढत जात होते. गर्भ नराचा की मादीचा यावर ते अवलंबून नव्हते. ज्या अंड्यांत ते अधिक, त्यांतील पिल्ले मोठी होताना समवयस्कांत वरचढ ठरत होती. पुढे १९९६ मध्ये अंड्यात टेस्टोस्टेरॉन टोचून त्यांनी दाखविले की अशी पिल्ले अधिक जोराने घास मागतात आणि लवकर वाढतात.

लॅक वाचलेल्या कोणाही अभ्यासकाला यातून सुचणारा अर्थ उघड होता. कॅनरीची माता उशिरा येणाऱ्या पिल्लाचे नुकसान भरून काढीत असावी : एका हाताने काळ जे काढून घेतो ते दुसऱ्या हाताने रसायन परत देते.

चारच वर्षांनी श्वाबल, मॉक आणि गीग यांचा गायबगळ्यांवरील निबंध ‘नेचर’मध्ये आला. येथे क्रम उलटा निघाला. आधीच्या अंड्यांत अँड्रोजेन अधिक आणि शेवटच्या अंड्यात कमी होते. ज्या जातीत धाकटे पिल्लू भावंडांच्या हातून मरते, तेथे माता थोरल्याच्याच पदरात आणखी माप टाकीत होती. निबंधाच्या शीर्षकातच पालकांचा पक्षपात असा शब्द होता. आपल्याकडील म्हणण्याप्रमाणे, येथे अंड्यातच डावे-उजवे केले जात होते.

या जोडीने एक अत्यंत आकर्षक सिद्धांत तयार झाला. सर्व पिल्ले जगविणे हितकारक असेल तेथे कॅनरीची रीत, एखादे कमी करणे हितकारक असेल तेथे बगळ्याची रीत. काळ आणि रसायन ही मातेच्या हातातील दोन साधने. १९९९ मध्ये गिल व सहकाऱ्यांनी झेब्रा फिंचवर केलेल्या प्रयोगाने या कल्पनेला आणखी बळ दिले. नराच्या पायात लाल कडे घातले की तो माद्यांना अधिक आकर्षक वाटतो, हिरवे घातले की कमी, हे आधीपासून ज्ञात होते. लाल कड्याच्या नराशी जोडी जमलेल्या माद्यांच्या अंड्यांत टेस्टोस्टेरॉन अधिक निघाले. मात्र याच जातीत विणीतील क्रम कॅनरीच्या विरुद्ध, उतरता होता. कॅनरी आणि झेब्रा फिंच दोघेही पिंजऱ्यात वाढणारे, दाणे टिपणारे लहान पक्षी. तरी त्यांचे क्रम परस्परविरोधी का असावेत, याचे समाधानकारक उत्तर वरील सिद्धांतात नव्हते.

कवच फोडण्याचे घड्याळ

आतापर्यंत रसायनाचा परिणाम बाहेर आलेल्या पिल्लाच्या वागण्यावर पाहिला जात होता. २००० च्या सुमारास प्रश्न अधिक मुळाशी गेला : हे संप्रेरक कवच फोडण्याची वेळच बदलते काय? पिल्लू कवच फोडते ते मानेमागील एका स्नायूच्या जोरावर. इंडियाना विद्यापीठातील लायपार आणि केटरसन यांनी लाल पंखांच्या ब्लॅकबर्डमध्ये दाखविले की बलकात टेस्टोस्टेरॉन वाढविले असता हा स्नायू अधिक विकसित होतो आणि त्याचा परिणाम रोखणारे द्रव्य दिले असता तो दुबळा राहतो. या जातीतही संप्रेरकाचा क्रम चढता आहे. शेंडेफळाला हातोडा तरी मजबूत मिळावा, असा याचा अर्थ लावता येतो.

२००१ मध्ये आयझिंग, ग्रोटहाउस आणि सहकाऱ्यांनी काळ्या डोक्याच्या कुरवाच्या अंड्यांवर प्रयोग केला. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर येणारा हाच तो पक्षी. अँड्रोजेन टोचलेल्या अंड्यांतील पिल्ले साधारण अर्धा दिवस आधी बाहेर आली आणि जोमाने वाढली. त्याची किंमत त्यांच्या भावंडांना चुकवावी लागली. त्याच गटाने २००५ मध्ये दाखविले की अशा पिल्लांची रोगप्रतिकारशक्ती मात्र उणी राहते.

परंतु त्याच्या एकच वर्ष आधी, २००० मध्ये, सॉकमन आणि श्वाबल यांनी अमेरिकी केस्ट्रेल या लहान ससाण्यावर केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष नेमका उलटा होता. या जातीत नंतरच्या अंड्यांत अँड्रोजेन अधिक असते. पहिल्या अंड्यात तेवढेच अँड्रोजेन टोचले असता पिल्लू उशिरा बाहेर आले, कमी वाढले आणि जगण्याची शक्यताही घटली. एकाच संप्रेरकाने कुरवाचे घड्याळ पुढे सरकते आणि केस्ट्रेलचे मागे. कुरवात चढता क्रम म्हणजे शेंडेफळाला आधार. केस्ट्रेलमध्ये तोच चढता क्रम म्हणजे शेंडेफळाच्या पायात बेडी. याचा अर्थ असा की बलकातील प्रमाणाचा आलेख पाहून माता कोणाच्या बाजूची आहे हे सांगताच येत नाही. १९९३ पासून अनेकांनी नेमके हेच केले होते.

याहून महत्त्वाचे काम सॉकमन, श्वाबल आणि शार्प यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केले. केस्ट्रेलच्या बलकातील अँड्रोजेनचे नियमन मादीच्या रक्तातील प्रोलॅक्टिनशी जोडलेले आहे, असे त्यांना आढळले. प्रोलॅक्टिन हे उबवण्याच्या प्रारंभाशी निगडित संप्रेरक होय. म्हणजे मादी अंडी घालीत असतानाच तिचे प्रोलॅक्टिन चढू लागते, ती उबवू लागते, कालभेद निर्माण होतो. आणि त्याच चढणीबरोबर नंतरच्या अंड्यांतील अँड्रोजेनही चढते. काळ आणि रसायन ही दोन स्वतंत्र साधने नव्हती. निदान या पक्ष्यात ती एकाच दोरीची दोन टोके होती. रिडल यांनी एका प्रयोगशाळेत, दहा वर्षांच्या अंतराने, ही दोन्ही टोके हाती धरली होती. त्यांना जोडणारी गाठ दिसावयास साठ वर्षे जावी लागली.

‘मातेचा निर्णय’ आणि गर्भाचा वाटा

या शोधानंतर ‘माता ठरवते’ या वाक्प्रयोगाचे काय करावयाचे? उत्क्रांतिशास्त्रात तो लाक्षणिक अर्थानेच वापरला जातो, असे उत्तर दिले जाते आणि ते तत्त्वतः बरोबर आहे. परंतु लक्षणेलाही वजन असते. पक्षपात, भरपाई, गुंतवणूक हे शब्द घेतले की प्रत्येक फरकामागे हेतू शोधावासा वाटतो, आणि हेतू सापडेपर्यंत यंत्रणेकडे दुर्लक्ष होते. बलकातील टेस्टोस्टेरॉन मुख्यतः बीजपुटकाच्या भित्तिकेतील पेशींत तयार होते. पुटके एकामागून एक पक्व होतात आणि त्या दिवसांत मादीची अंतःस्रावी स्थिती बदलत असते. विणीतील क्रम हा या बदलाचा निव्वळ ठसा असू शकतो. अशा ठशावर नैसर्गिक निवडीने नंतर काम केले असेलही, पण ते प्रत्येक जातीत स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागेल. ग्रोटहाउस आणि श्वाबल यांनी २००८ च्या समीक्षा-निबंधाच्या शीर्षकातच यंत्रणा महत्त्वाच्या खऱ्या, पण त्यांविषयी आपल्याला कळले आहे काय, असा प्रश्न विचारला. ज्यांनी हे क्षेत्र उभारले त्यांनीच तो विचारावा, ही प्रामाणिकपणाची गोष्ट होय.

लवकर बाहेर येण्यासाठी संप्रेरकच लागते असेही नाही, हे कोकीळकुलातील एका पक्ष्याने दाखवून दिले. कावळ्याच्या घरट्यात कोकिळेचे पिल्लू आधी बाहेर येते, हे आपल्या परिचयाचे आहे. युरोपातील कुक्कूविषयी बर्कहेड आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखविले की तिची मादी तयार अंडे सुमारे एक दिवस अधिक काळ शरीरातच ठेवते. अंडे परक्या घरट्यात पडते तेव्हा गर्भाची वाढ पुढे गेलेली असते.

या सर्व चर्चेत आणखी एक पात्र बराच काळ मूक राहिले होते, ते म्हणजे गर्भ. वस्तुतः केंब्रिजच्या मार्गारेट व्हिन्स यांनी १९६० च्या दशकातच दाखविले होते की बटेराची पिल्ले कवचात असताना टिक्‌टिक्‌ असा आवाज करतात आणि शेजारच्या अंड्यांतील पिल्ले तो ऐकून आपली वेळ जुळवून घेतात. बलकातील संप्रेरकांच्या संशोधनात मात्र गर्भाला केवळ ग्रहण करणारे पात्र मानले गेले. २०११ मध्ये पाइट्झ, बोडेन आणि कास्टो यांनी आपल्या साळुंकीच्या भाऊबंदांपैकी असलेल्या युरोपीय स्टार्लिंगच्या अंड्यांत टेस्टोस्टेरॉनचा मागोवा घेतला. उबवण्याच्या पहिल्या काही दिवसांतच त्याचे रूपांतर अन्य द्रव्यांत झालेले त्यांना आढळले. मातेने दिलेले द्रव्य गर्भ जसेच्या तसे स्वीकारीत नव्हता.

२०१८ मध्ये ग्रोटहाउस यांच्या गटाने याच दृष्टीने कबुतराच्या अंड्यांकडे पाहिले. ज्या पक्ष्याच्या दोन अंड्यांतील फरकाने रिडल यांना पछाडले होते, तोच हा पक्षी. दुसऱ्या अंड्यात अँड्रोजेन अधिक असते हे आधी ज्ञात होते. आता असे दिसले की पहिल्या आणि दुसऱ्या अंड्यातील गर्भ मातेच्या संप्रेरकांत जो बदल घडवितात, तोही अंड्याच्या क्रमानुसार पद्धतशीरपणे वेगळा असतो. येथे मोजमापाचा जुना प्रश्न नव्या रूपाने समोर येतो. बलकातील संप्रेरक मोजावयाचे तर अंडे घातल्याच्या दिवशीच उचलावे लागते आणि त्या जागी नकली अंडे ठेवावे लागते, कारण पुढील अंड्यांची वाट पाहत थांबले तर पहिले अंडे तोवर उबू लागलेले असते आणि त्यातील गर्भाने आपले काम सुरू केलेले असते. श्वाबल यांच्यापासून आजवर प्रसिद्ध झालेले चढते-उतरते आलेख प्रामुख्याने त्या पहिल्या दिवसाचे आहेत. त्यानंतरच्या तीन-चार दिवसांत प्रत्येक क्रमाच्या अंड्यात त्यांतील किती शिल्लक राहते, याची मोजणी बोटांवर मोजण्याइतक्या जातींतच झालेली आहे आणि गायबगळ्याच्या तिसऱ्या अंड्याविषयी १९९७ मध्ये जे लिहिले गेले, ते त्या मोजणीपूर्वीचे आहे.